घरी गाडी धुणं आणि पुसणं : ओरखडे आणि डाग टाळण्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीवर ओरखडे पडतात ते धुळीमुळे नाही, धुळीवरून फिरवलेल्या फडक्यामुळे. डाग राहतात ते बहुतेक वेळा साबणाचे नसतात, वाळलेल्या पाण्याचे असतात. एवढं धरून चाललं की पुढच्या बऱ्याच सूचना का दिल्या आहेत ते आपोआप कळतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा बंगल्याच्या अंगणात, दोन बादल्या आणि नळ एवढ्यावर गाडी धुणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत.

गाडी रोज पुसली जाते, तरी उन्हात गोल गोल बारीक रेषा का दिसतात?

रोज पुसली जाते म्हणूनच. गाडीच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांवर तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ असतो. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, खडीचे, बांधकामाच्या भुकटीचे कण असतात आणि ते या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरडा किंवा नुसता ओला करून पिळलेला फडका त्यावर दाबून फिरवला की कण पत्र्यावरून घासत जातात.

रेषा गोल दिसतात, पण प्रत्यक्षात त्या सगळ्या दिशांना गेलेल्या असतात. सूर्याच्या किंवा दिव्याच्या भोवती ज्या आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून गोलाचा भास होतो. काळ्या, गडद निळ्या आणि गडद लाल गाडीवर त्या ठळक दिसतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर तितक्याच असतात, फक्त लपतात.

सोसायटीत सकाळी गाडी पुसायला माणूस येतो. त्याला बंद करायचं का?

बंद करायची गरज नाही, पद्धत बदलून घ्या. अडचण त्या माणसाची नसते. एक बादली, एक फडका आणि ओळीनं १५-२० गाड्या, यात चौथ्या-पाचव्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी गढूळ झालेलं असतं आणि पुढच्या प्रत्येक गाडीला आधीच्या गाडीची माती लागत जाते.

त्याला सांगण्यासारखं एवढंच : रोज फक्त काचा, आरसे आणि नंबरप्लेट पुसायची, तीही तुम्ही दिलेल्या वेगळ्या मायक्रोफायबरनं. पत्र्याला रोज हात लावायचा नाही. आठवड्यातून एकदा भरपूर पाणी ओतून पूर्ण धुवायची. पैसे तेवढेच द्या, म्हणजे कुरकुर होत नाही. धूळ नुसती बसून राहिली तर पत्र्याचं काही बिघडत नाही. मेण लावलेल्या दोऱ्यांचा झुपकेदार डस्टरसुद्धा रोज फिरवू नका. आज उचललेले कण त्यात अडकून राहतात आणि उद्या तेच फिरतात.

किमान सामान काय लागतं?

१५ लिटरच्या दोन बादल्या, एक साबणाची आणि एक साध्या पाण्याची. चाकांसाठी तिसरी जुनी बादली. दोन्ही बादल्यांत तळापासून ७-८ सेंटीमीटर वर बसणारी जाळी मिळाली तर उत्तम, कारण माती खाली बसते आणि हात घातला तरी पुन्हा वर उसळत नाही. मायक्रोफायबरचा किंवा शेनीलचा हातमोजा, ज्याला दुकानात वॉश मिट म्हणतात. स्पंज नको, कारण त्याचा पृष्ठभाग सपाट असतो आणि मातीच्या कणाला आत शिरायला जागाच नसते. मग तो पत्रा आणि स्पंज यांच्यामध्ये दळला जातो. मिटच्या लांब धाग्यांत कण आत ओढला जातो.

गाडीचा शाम्पू, दोन लिटरचा हातपंप (बागेत औषध फवारायचा, पण नवा किंवा कधीच औषध न भरलेला), चाकांचा ब्रश आणि पुसायला एक मोठा टॉवेल. टॉवेलविषयी पुढे सविस्तर आहे. पाइप नसेल तर झारी चालते, किंबहुना शेवटच्या पाण्याला ती पाइपपेक्षा सोयीची पडते.

धुण्याचा योग्य क्रम कोणता?

बोनेटवर हाताची मागची बाजू ठेवून पाहा. ऊब लागत असेल तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर साबण आणि पाणी पुसायच्या आत वाळतं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर, सावलीत.

१. आधी चाकं. ब्रेकची काळी भुकटी धातूची असते, म्हणून चाकांची बादली, ब्रश आणि फडका पत्र्याला कधीच लावायचा नाही. चाकं शेवटी धुतली तर तोवर स्वच्छ केलेल्या दारांवर घाण उडते आणि बाकीची गाडी ओली तशीच वाळत बसते.

२. वरून खाली नुसतं पाणी. दोन-तीन मिनिटं, घाई न करता. मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि दारांच्या खालच्या पट्टीवर जास्त. इथं जेवढी माती पाण्यानं जाईल तेवढी हातानं घासावी लागणार नाही.

३. पंपात शाम्पूचं पाणी भरून सगळ्या गाडीवर फवारा, ४-५ मिनिटं तसंच राहू द्या, वाळायच्या आत धुवून टाका. ही पायरी बहुतेक जण गाळतात. ओरखडे कमी करण्यात सगळ्यात मोठा वाटा हिचाच आहे.

४. आता मिट. साबणाच्या बादलीत बुडवा, आधी टप, मग काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग आणि बंपर. सरळ रेषेत, मिटच्या वजनापेक्षा जास्त दाब न देता. गोल फिरवू नका. चुकून ओरखडा पडलाच तर सरळ रेघ एकाच कोनातून दिसते, गोल रेघ कुठूनही दिसते.

५. प्रत्येक भागानंतर मिट साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून, पिळून मगच साबणात. साधं पाणी गढूळ झालं की बदला. मोठ्या गाडीला साधारण दोनदा बदलावं लागतं.

६. शेवटचं पाणी पाइपचा फवारा काढून, मोकळ्या तोंडानं, मंद धारेनं टपावरून सोडा. झारीचंही तोंड काढा. फवाऱ्यानं पत्र्यावर हजारो थेंब राहतात. सलग धारेनं पाणी एकसंध पडद्यासारखं घसरत जातं आणि पुसायला निम्मंही उरत नाही.

कपड्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण चालतो का?

कपड्याची पावडर मुळीच नाही. ती अल्कधर्मी असते, आणि गार पाण्यात न विरघळलेले तिचे कण मिटमध्ये राहतात. भांड्यांचं लिक्विड एखाद्या वेळी वापरलं म्हणून रंग उडत नाही, पण ते तेल-तूप काढण्यासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे गाडीवरचं मेण ओढून नेतं. शिवाय त्यात गाडीच्या शाम्पूसारखा बुळबुळीतपणा नसतो, आणि मिट पत्र्यावरून सरकायला तोच लागतो. केसांचा शाम्पू महागही पडतो आणि त्यातलं कंडिशनर काचेवर थर सोडतं.

गाडीच्या शाम्पूचं प्रमाण बाटलीवर पाहा. साधारणपणे १० लिटरला २० ते ४० मिली असतं. जास्त टाकल्यानं जास्त स्वच्छ होत नाही, धुवायला पाणी मात्र जास्त लागतं आणि फटींत राहिलेला साबण नंतर ओघळून डाग पडतात.

धुतल्यानंतर पांढरे ठिपके येतात. पाण्याचा दोष की पद्धतीचा?

दोन्हीचा. थेंब वाळतो तेव्हा पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जागेवर राहतात. बोअरच्या आणि बऱ्याचदा टँकरच्या पाण्यात ते भरपूर असतात. मुंबईला भातसा-वैतरणा-तानसातून किंवा पुण्याला खडकवासल्याच्या साखळीतून येणारं पालिकेचं पाणी त्या मानानं मऊ. पण सोसायटीच्या टाकीत पालिकेचं आणि बोअरचं पाणी एकत्र होत असेल तर पार्किंगच्या नळाला नक्की काय येतं ते विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी तो नळ फक्त बोअरला जोडलेला असतो.

आरओ दुरुस्त करायला येणाऱ्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटर असतो, त्याच्याकडून नळाचं पाणी मोजून घेता येतं. ५००पर्यंत टीडीएस पिण्याला चालतो म्हणून गाडीला चालेल असं नाही. काळ्या बोनेटवर २००-२५०लाही ठिपके उठतात.

आरओमधून वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुण्याची चांगली सवय अनेक घरांत आहे. ती ठेवा, पण ते पाणी चाकांना, मडगार्डला आणि पहिल्या धुण्याला वापरा. त्यात नळाच्या पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात, कारण आरओनं काढलेले क्षार त्यातच जातात. शेवटच्या पाण्याला ते घेतलं तर ठिपके हमखास.

शेवटच्या पाण्याला उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी फार चांगलं. ते हवेतल्या बाष्पाचं असल्यानं त्यात क्षार जवळजवळ नसतात. दमट दिवसात दीड टनाचा एसी तासाला साधारण एक-दोन लिटर पाणी देतो. कॉइलवरची धूळ त्यात येते, म्हणून पंचाच्या दुहेरी घडीतून गाळून घ्या. ८-१० लिटर झारीनं टपावरून ओतलं की पुरतं.

आधीच पडलेले ठिपके कसे काढायचे?

किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात. गार पत्र्यावर, सावलीत, मायक्रोफायबर भिजवून ठिपक्यांवर एक-दोन मिनिटं ठेवा, हलकं पुसा आणि लगेच शाम्पूच्या पाण्यानं धुवा. वाळू देऊ नका. खाली शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर आधी आणि नंतर भरपूर पाणी ओता. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, आम्लानं त्यांची झिलई जाते.

दोन-तीनदा करूनही ठिपक्याची कडा बोटाला किंवा डोळ्याला जाणवत असेल, तर क्षारानं क्लिअर कोट खाल्लेला आहे. तो पॉलिशनंच जाईल, आम्ल वाढवून नाही. बाथरूम साफ करायचं आम्ल गाडीजवळ आणू नका.

पुसताना डाग आणि ओरखडे राहू नयेत म्हणून नक्की काय करायचं?

टॉवेल पिळदार धाग्याचा मायक्रोफायबर हवा, साधारण ६० × ९० सेंटीमीटर, ८०० ते १२०० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा). छोट्या हॅचबॅकला एक पुरतो, एसयूव्हीला दोन. जुनी बनियन, धोतराचा तुकडा, टर्किश टॉवेल नको. सुती कापड पाणी ढकलतं जास्त आणि शोषतं कमी, म्हणून हात आपोआप दाब देतो. शिवणीची कडक कडा, लेबल आणि बटण हे तर थेट ओरखड्याचं साधन. टॉवेलचं लेबल पहिल्याच दिवशी कापून टाका.

सिग्नलवर आणि दुकानात नळकांड्यात मिळणारा पिवळा, चामड्यासारखा शॅमॉय पाणी झकास शोषतो, पण त्याला लव नसते. धुताना एखादा कण राहिला असेल तर तो त्याच्याखाली सरळ घासला जातो. काचांना तो चालेल, पत्र्याला नको.

पद्धत अशी : टॉवेल पूर्ण उघडून बोनेटवर पसरा, दोन टोकं धरा आणि स्वतःकडे सावकाश ओढा. घासणं नाही, फक्त ओढणं. टपापासून सुरुवात, मग काचा, बोनेट, डिकी, बाजू. वाळायला लागणारा भाग आधी. टॉवेल अगदी कोरडा असेल तर पहिल्या हाताला नीट शोषत नाही, थोडा ओला करून पिळून घ्या. प्रत्येक भागावर क्विक डिटेलरचे (पुसताना मारायचा चमक आणणारा स्प्रे) एक-दोन फवारे मारले तर टॉवेल सरकतोही छान आणि क्षाराचा थर राहिला असेल तर तोही निघतो.

मग पाळी फटींची. गाडी कोरडी दिसते, दहा मिनिटांनी आरशाखालून एक ओघळ उतरतो, आणि वैताग येतो. आरसे, दारांच्या मुठी, टेललाइटच्या कडा, नंबरप्लेट, पेट्रोलच्या झाकणाची खाच : इथं ब्लोअर असेल तर हवा मारा. नसेल तर चारही दारं आणि डिकी एकदा उघडून बंद करा, आरसे दुमडून उघडा, पाच मिनिटं थांबा आणि वेगळ्या लहान फडक्यानं टिपा. दारांच्या आतल्या चौकटीला हाच लहान फडका, मोठा टॉवेल नाही. तिथं ग्रीस असतं.

गाडी रस्त्यावर फिरवून वाळवायची युक्ती फसवी आहे. ओल्या पत्र्याला धूळ चिकटते.

टॉवेल खाली पडला तर झटकून परत वापरू नका. दुसरा घ्या. दुसरा नसेल तर उरलेली गाडी एक वेळ ठिपक्यांसकट सोडा, ठिपके निघतात.

काचेवरचे पट्टे काही केल्या जात नाहीत.

आधी पट्टे आतल्या बाजूला आहेत की बाहेरच्या ते ठरवा. सोपा उपाय : आतून आडवं पुसा, बाहेरून उभं. आडवे पट्टे राहिले तर आतले. बहुतेक वेळा आतलेच असतात. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ, अत्तर, उदबत्ती यांचा तेलकट थर आतून बसतो आणि रात्री समोरच्या दिव्यांत धुरकट दिसतो.

कमी लवेचे दोन फडके घ्या. क्लीनर काचेवर नाही, पहिल्या फडक्यावर फवारा, पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्यानं. क्लीनर कमीच घ्या, पट्टे त्याच्या अतिरेकानंच पडतात. काचेवर आतून फिल्म असेल तर अमोनिया असलेला क्लीनर टाळा. वर्तमानपत्रानं काच चमकते हे खरं, पण शाई रबराच्या कडांना लागते. बाहेर वायपरच्या मार्गावरच कमानीसारखे पट्टे येत असतील तर काच नव्हे, वायपरचं रबर ओल्या फडक्यानं पुसा. तरी राहिले तर रबर बदला.

पाणीकपात आहे. किती कमी पाण्यात भागतं?

सोडलेला पाइप मिनिटाला साधारण १०-१५ लिटर ओततो, म्हणजे २० मिनिटांत २०० लिटरच्या पुढे. वर सांगितलेली दोन बादल्या आणि झारीची पद्धत ५०-६० लिटरांत होते.

त्याहून कमी हवं असेल तर रिन्सलेस वॉश. नंतर धुवून काढावं न लागणारं हे द्रावण साधारण ३० मिली ८ लिटर पाण्यात मिसळतात. सहा-सात मायक्रोफायबर त्यात भिजवायचे, एक घडी एका हाताला, मग घडी उलटायची, वापरलेला फडका परत बादलीत टाकायचा नाही. आधी हातपंपानं तेच द्रावण फवारून दोन मिनिटं थांबा. शहरी धुळीला हे छान चालतं. चिखलानं माखलेल्या गाडीला चालत नाही.

प्रेशर वॉशर घ्यावा का?

जागा आणि वीज असेल तर जरूर. घरगुती १००-१३० बारचा पुरेसा आहे. पंख्यासारखा फवारा देणारं तोंड वापरा, सुईसारखी धार नाही, आणि निदान ३० सेंटीमीटर लांब राहा. दगड लागून उडालेला रंग, बॉडीशॉपमध्ये रंगवलेल्या कडा, स्टिकर, टायरची बाजू, रेडिएटरची जाळी यांवर जवळून मारू नका. त्यानं मिट फिरवायचं टळत नाही. चिकटलेला धुळीचा पातळ थर नुसत्या दाबानं निघत नाही.

पावसाळ्यात गाडी धुण्यात अर्थ आहे का?

आहे, उलट खालच्या बाजूसाठी जास्त आहे. चिखल मडगार्डच्या आत आणि दारांच्या खालच्या पट्टीत साचून ओल धरून ठेवतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. कोकणातली तांबडी माती प्लॅस्टिकच्या काळ्या भागांत भिनते, वाळायच्या आत काढा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पावसाळा संपल्यावरही पंधरवड्यातून एकदा गाडीखाली पाणी मारावं. काचेखालच्या जाळीतली पानं हातानं काढा, पाण्याची वाट तुंबते. "पावसानं धुतली जाईल" हा हिशेब शहरात जमत नाही. रिमझिम पावसानं धूळ वाहत नाही, फक्त ठिपक्यांत गोळा होते.

कबुतरं, किडे, डिंक आणि डांबर?

विष्ठा आम्लधर्मी असते आणि उन्हात काही तासांतही खूण पाडते. खरवडू नका. ओला टिश्यू ५-१० मिनिटं ठेवून, मऊ झाल्यावर उचलून घ्या. द्रुतगती मार्गावर चिकटलेल्या किड्यांनाही हेच, फक्त वेळ जास्त. डांबराच्या थेंबाला टार रिमूव्हर. तो नसेल तर रॉकेलचा बोळा मिनिटभर ठेवून पुसा आणि तेवढी जागा लगेच शाम्पूनं धुवा. रबर आणि काळ्या प्लॅस्टिकला रॉकेल लागू देऊ नका.

नव्या गाडीच्या किंवा दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू बोनेटवर डाग सोडतं. काय करावं?

पूजा झाल्यावर त्याच दिवशी, आधी नुसत्या पाण्यानं वाहून काढा. हळदकुंकवाची कोरडी पूड बोटानं पुसायला गेलं की ती घासली जाते. साबणाच्या पाण्यानं हळद लाल झाली तर घाबरू नका. अल्कधर्मी द्रावणात ती रंग बदलते, पुढच्या पाण्यानं जाते. पिवळसर झाक उरलीच तर उन्हात काही दिवसांत फिकी पडते. कुंकवातल्या कृत्रिम रंगाचं तसं नसतं, म्हणून पांढऱ्या गाडीवर स्वस्तिक काचेवर काढलेलं बरं. झेंडूचा हार वायपरला अडकवून रात्रभर ठेवू नका, आणि नारळ गाडीवर नव्हे, गाडीसमोर.

कव्हर घातल्यानं गाडी स्वच्छ राहते ना?

बंद गॅरेजमध्ये, धुतलेल्या गाडीवर, हो. धूळ बसलेल्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्यानं हलून दिवसभर घासत राहतं.

मायक्रोफायबर कसे धुवायचे?

इतर कपड्यांबरोबर नाही, सुती कपड्यांचे धागे त्यांत अडकतात. लिक्विड डिटर्जंट, कोमट किंवा गार पाणी, सावलीत वाळवणं. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही, धाग्यांवर थर बसून ते पाणी शोषत नाहीत. चाकांचे, पत्र्याचे आणि काचेचे फडके वेगवेगळ्या रंगांचे ठेवा आणि पत्र्याचा फडका जुना झाला की त्याला चाकांकडे पाठवा. उलट कधीच नाही.

पडलेले ओरखडे घरी घालवता येतात?

नख फिरवून पाहा. अडकत नसेल तर पॉलिशनं कमी होतात. पण पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा वरचा थर झिजवणं, म्हणून दर वर्षी करायची गोष्ट नाही. टूथपेस्ट लावू नका, ती दातांसाठी बनवलेली असते आणि पत्र्यावर धुरकटपणा सोडते. नख अडकलं तर बॉडीशॉप.

गाडी धुवून उभी केली. दुसऱ्या दिवशी पहिल्या ब्रेकला खरखर आवाज आला.

लोखंडी डिस्कवर रात्रीत गंजाचा पातळ थर आला. दोन-चार ब्रेकांत तो घासून जातो. धुतल्यावर लगेच पार्किंगमध्येच गाडी थोडी पुढे-मागे घेऊन हलके ब्रेक दाबले तर डिस्क कोरड्या होतात आणि थर कमी येतो. दोन-तीन किलोमीटरनंतरही आवाज राहिला तर तो धुण्याचा नाही, ब्रेक पॅड तपासून घ्या.